दानानंतरची राखण

ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा माणसाला दुसऱ्याने आपले मूत्रपिंड देणे हे श्रेष्ठ दान होय, याविषयी आज आपल्या मनात शंका उरलेली नाही. १९५६ साली पोप बारावे पायस यांनी नेत्रदानासंबंधी बोलताना मृतदेहातून नेत्रपटल काढून घेण्यास नैतिक आडकाठी नाही, असे स्पष्ट केले. १९९५ च्या आपल्या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी योग्य रीतीने केलेल्या अवयवदानाची गणना दैनंदिन जीवनातील थोर कृत्यांत केली. पुढे २००० साली रोम येथे भरलेल्या प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतही त्यांनी या दानाचा गौरव केला. मात्र दात्याची संमती समजून-उमजून दिलेली असावी आणि अवयवाचा व्यापार होता कामा नये, हे बजावून सांगितले. आपल्या देशाच्या १९९४ च्या कायद्यानेही अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी घातली आहे.

तेव्हा दान द्यावे की नाही, हा प्रश्न बहुतांशी मिटला आहे. मला अस्वस्थ करतो तो त्यानंतरचा प्रश्न. दान मिळाल्यावर त्या देहाची राखण कुणी करायची? आणि जिला दान मिळाले, तिने पुन्हा एकदा तोंड उघडून 'मला अजून काही हवे आहे' असे म्हणावे की म्हणू नये?

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचला नाही. नागपुरातील आमच्या धर्मग्रामात काही वर्षांपूर्वी घडलेल्या एका गोष्टीने तो माझ्यापुढे आणून ठेवला. त्या गोष्टीत माझाही दोष आहे, म्हणून ती सांगणे मला कर्तव्य वाटते. जिची ही गोष्ट आहे तिची अनुमती मी घेतली आहे, आणि तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ती तिशीतील विवाहित स्त्री. दोन्ही मूत्रपिंडे हळूहळू निकामी झाली आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करून घेण्याची पाळी तिच्यावर आली. तिच्या आईने आपले मूत्रपिंड देण्याचे ठरविले. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी धर्मग्रामाने वर्गणी गोळा केली. त्या समितीत मी होतो. लागोपाठ चार रविवार मिस्सा संपल्यावर आम्ही चर्चच्या दाराशी पेटी घेऊन उभे राहिलो आणि लोकांनीही हात आखडता घेतला नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. उपकारस्तुतीची मिस्सा झाली, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले होते. आपल्या हातून एक सत्कृत्य पुरे झाले, असे समाधान घेऊन आम्ही घरोघरी परतलो.

काही महिन्यांनी कुरबुर सुरू झाली. ती चर्चमध्ये अगदी मागे, दारापाशी बसे आणि मिस्सा संपताच कुणाशी न बोलता निघून जाई. सणाच्या जेवणाला ती आली नाही. आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या बायकांबरोबर जाणे तिने सोडून दिले. एकदा ती आमच्याकडे यायला निघाली होती. नातवाला कांजिण्या आल्या आहेत हे तिला फाटकाशीच कळले, आणि ती पायरीही न चढता मागे वळली. मला राग आला. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत मी बोलून गेलो, "आपण एवढे केले, आणि आता तिला आपल्या उंबरठ्याचाही विटाळ होतो." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. माझे ते वाक्य तिच्यापर्यंत पोहोचले होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

तीन वर्षांनी तिने माझ्या पत्नीजवळ मन मोकळे केले. दहा महिन्यांपासून तिला पाळी नसतानाही मधूनमधून रक्तस्राव होत होता. वर्षातून एकदा गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टरांनी तिला पूर्वीच लिहून दिले होते. तो कागद तिने घडी घालून प्रार्थनापुस्तकात ठेवला होता. ती एकदाही गेली नव्हती.

"अगं, पण का नाही गेलीस?" पत्नीने विचारले.

"काकू, सगळ्यांनी एवढं केलं माझ्यासाठी. आईनं तर आपल्या पोटातलं काढून दिलं. आता पुन्हा मला हे होतंय, ते होतंय, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

पत्नी तिला घेऊन गेली. गर्भाशयमुखावर कर्करोगाच्या आधीची अवस्था आढळली. उपचार वेळेवर झाले आणि आज ती बरी आहे. परंतु आणखी दोन वर्षे तो कागद प्रार्थनापुस्तकातच राहिला असता तर? आणि तो तिथे राहावा, याला आमच्या धर्मग्रामाचा, विशेषतः माझा, हातभार लागला नव्हता काय?

ती अशी का वागत होती हे समजून घेण्यासाठी मी या विषयाची थोडी माहिती मिळविली. ती प्रत्येक कुटुंबाला असावी, म्हणून येथे सांगतो.

मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केले. रोनाल्ड हेरिक याने आपला जुळा भाऊ रिचर्ड याला मूत्रपिंड दिले. दोघे एकरूप जुळे असल्यामुळे रिचर्डच्या शरीराने भावाचा अवयव परका मानला नाही. १९५६ साली एडिथ हेल्म या तरुणीला तिच्या जुळ्या बहिणीने मूत्रपिंड दिले. १९५८ साली एडिथ आई झाली. रोपणानंतर मातृत्व लाभलेली ती पहिली स्त्री. डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण झाले. आमच्या नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून ही शस्त्रक्रिया होऊ लागली, आणि मेंदू मृत झालेल्या व्यक्तींच्या अवयवदानाची व्यवस्था विदर्भात नागपूरचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते.

परंतु जुळी भावंडे किती जणांना असतात? इतर सर्वांच्या बाबतीत, अगदी आईचे मूत्रपिंड असले तरी, शरीर ते परके म्हणून ओळखते आणि नाकारू पाहते. आपल्या प्रतिकारशक्तीला संत्र्याच्या बागेचा राखणदार म्हणू या. तो कुणाही अनोळख्याला कुंपणाच्या आत येऊ देत नाही. पाहुणा आणि चोर हा भेद तो करीत नाही. पाहुण्याला आत ठेवून घ्यायचे तर राखणदाराला गुंगी द्यावी लागते. रोपणानंतर ज्या गोळ्या रोज, न चुकता, ते मूत्रपिंड चालू आहे तोवर घ्याव्या लागतात, त्या हेच काम करतात. त्या थांबविल्या तर मूत्रपिंड जाते. घेत राहिल्या तर बाग निम्मीअधिक उघडी राहते. रोपण झालेला माणूस बरा होतो हे खरे. पण तो पूर्वीसारखा होत नाही.

या उघड्या बागेत शिरतात त्यांत विषाणूंचा धोका मोठा. काही बाहेरून येतात. कांजिण्या, गोवर, फ्लू हे आपल्या घरात येऊन जाणारे आजार अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतात. माझ्या नातवाच्या अंगावरील पुरळ चार दिवसांत सुकले. तेच तिला रुग्णालयात घेऊन गेले असते. माझ्या फाटकातून ती परतली ती स्वतःला जपण्यासाठी, आणि आईने दिलेल्या मूत्रपिंडाला जपण्यासाठी. मी त्याला विटाळ म्हटले! आमच्या नागपुरात उन्हाळा सरला की कूलरच्या टाकीत पाणी तसेच राहते, त्यात डासांची पैदास होते आणि पावसाळ्यात डेंग्यू पसरतो. तोही विषाणूच.

दुसरे विषाणू आधीपासून आत दडलेले असतात. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्या देशातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात लहानपणापासून असतो आणि काही त्रास देत नाही. राखणदार पेंगला की तो जागा होतो. रोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ताप, जुलाब, फुफ्फुसांचा दाह अशा रूपाने तो प्रकटतो, म्हणून तेवढ्या काळासाठी डॉक्टर त्यावरचे औषध देतात. कधीकधी तो दात्याच्या अवयवाबरोबरच येतो. आईने प्रेमाने दिलेल्या मूत्रपिंडातून विषाणूही यावा, यात आईचा दोष काय? परंतु अनेक माता हा अपराध मनाला लावून घेतात. दुसरा एक विषाणू १९७१ साली लंडनमध्ये एका रोपणरुग्णाच्या लघवीत प्रथम सापडला. त्या रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'बीके' म्हणतात. तो रोपण केलेल्या मूत्रपिंडालाच इजा करतो, आणि बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. वेळोवेळी रक्ताची व लघवीची तपासणी केली तरच तो सापडतो. 'मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?' असे म्हणणाऱ्याला तो हळूच गाठतो.

आता स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या धोक्याकडे वळतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, ज्याला थोडक्यात एचपीव्ही म्हणतात, तो वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागतो. निरोगी शरीर त्याला बहुधा वर्षा-दोन वर्षांत हाकलून लावते. जिथे तो ठाण मांडून बसतो तिथे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. हे नाते उलगडून दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वसाधारण स्त्रीमध्ये या विषाणूपासून कर्करोग होण्यास साधारणपणे पंधरा-वीस वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती क्षीण झाली असेल तर हा काळ पाच-दहा वर्षांवर येऊ शकतो. म्हणूनच रोपण झालेल्या स्त्रीने दरवर्षी तपासणी करून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. तपासणी काही मिनिटांची असते. कर्करोगाच्या आधीची अवस्था सापडली तर ती तिथेच थोपविता येते.

तपासणीचा उपयोग किती, याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने इतर संस्थांच्या साहाय्याने तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांना आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी देऊ केली होती, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाले. या साध्या खेड्यांतील स्त्रिया होत्या. त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली नव्हती. त्यांना एका चाचणीने एवढा लाभ झाला, तर जिचा राखणदार झोपलेला आहे तिच्यासाठी दरवर्षीच्या चाचणीचे मोल किती असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. या विषाणूवर लसही आहे. २०२३ पासून पुण्याच्या सीरम संस्थेची भारतीय लसही उपलब्ध झाली. ती रोपणाच्या आधी घेतली तर अधिक गुणकारी ठरते. कांजिण्या-गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी तर रोपणाच्या आधीच घ्याव्या लागतात. नंतर त्या देत नाहीत.

हे सारे वैद्यकाने सांगून झाले. पुढचे काम वैद्यकाचे नाही. तपासणीची सोय आहे, उपचार आहेत, कागदावर लिहूनही दिले आहे. आणि तरीही स्त्री जात नाही. ती का जात नाही, हा नैतिक प्रश्न आहे.

पहिले कारण कृतज्ञतेचे ओझे. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयवरोपणे झाली. त्यांपैकी स्त्रियांना लाभलेली केवळ ६,९४५, म्हणजे पाचांत एकही पुरते नाही. उलट २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत जिवंतपणी अवयव देणाऱ्या शंभर व्यक्तींमागे साठांहून अधिक स्त्रिया होत्या. आई देते, पत्नी देते, बहीण देते; घेणारा बहुधा पुरुष असतो. असा ज्या समाजाचा रिवाज, तिथे एखादीला मूत्रपिंड मिळाले तर तिला ते हक्काचे वाटत नाही. अपवादाने झालेली कृपा वाटते. आणि कृपा झालेल्याने पुन्हा हात पसरू नये, हे तिला लहानपणापासून शिकविलेले असते. आजारी पतीच्या तपासणीची तारीख पत्नी पाठ ठेवते. आजारी पत्नीच्या तपासणीची तारीख कोण पाठ ठेवतो?

येथे एक आक्षेप येईल. दुःख मुकाट्याने सोसावे, ते प्रभूच्या क्रूसाशी जोडून अर्पण करावे, ही आपली परंपरा नव्हे काय? अवश्य आहे, आणि ती मी हलकी मानीत नाही. जे दुःख टळण्यासारखे नाही ते अर्पण करणे ही मोठी साधना आहे. परंतु जे टळू शकते आणि लपविल्यामुळे वाढते, त्याची गोष्ट वेगळी. त्या स्त्रीचे मौन तिच्या एकटीपुरते नव्हते. तिच्या देहात तिच्या आईचे मूत्रपिंड होते. घरात तिची वाट पाहणारी माणसे होती. मिळालेले दान रुमालात बांधून मातीत पुरून ठेवावे तसे आजारपण लपवून ठेवणे, हे दात्यावर केलेले उपकार नव्हेत. जिला दान मिळाले तिने स्वतःची काळजी घेणे म्हणजे स्वार्थ नव्हे. ती दानाची राखण आहे. आणि 'मला आणखी मदत लागेल' असे म्हणणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे; दान फुकट जाऊ नये म्हणून दिलेली ती हाक आहे.

दुसरे कारण लज्जेचे, आणि ते अधिक बोचरे आहे. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो. एवढे वाक्य कानांवर पडले की आपल्या घरांतून एक प्रश्न उठतो: हिला हे आले कुठून? त्या स्त्रीच्या घरीही तो उठला. तिला तो उघड विचारला गेला नाही; पण तिच्याकडे पाहणाऱ्या नजरांतून विचारला गेला. याचे उत्तर वैद्यकाने स्पष्ट दिले आहे. हा विषाणू वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. तो केव्हा आला, कुणाकडून आला, हे कोणत्याही चाचणीतून कळत नाही. पतीला तो विवाहापूर्वी लागलेला असू शकतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा चाचणीच्या निकालावरून चारित्र्याचा निवाडा करणारा माणूस माहितीच्या नावाखाली खोटी साक्ष देत असतो. ती आठव्या आज्ञेने निषिद्ध आहे.

शुभवर्तमानातील रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेली ती स्त्री आठवावी. तिच्या समाजाच्या नियमांनी ती अशुद्ध ठरली होती. गर्दीत मागून येऊन, कुणाला कळू न देता, तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला. ती बरी झाली. तिला तसेच निघून जाता आले असते. परंतु प्रभू थांबला आणि कुणी स्पर्श केला म्हणून विचारीत राहिला. तिला लाजविण्यासाठी तो थांबला असेल, असे मला वाटत नाही. ती पुढे आली, थरथरत सगळे बोलली, आणि त्याने सर्वांसमक्ष तिला कन्या म्हटले. तिचे दुखणे बरे झाले होतेच; आता तिचे लपणेही संपले. आपल्या धर्मग्रामात अशी एखादी स्त्री पुढे येऊन बोलली, तर तिला कन्या म्हणणारे कितीजण निघतील?

तिसरी गोष्ट पती-पत्नींची आहे, आणि ती आपल्या नियतकालिकांतून सहसा लिहिली जात नाही. रोपणानंतर तरुण स्त्री आई होऊ शकते. एडिथ हेल्मपासून जगभर अनेक स्त्रिया झाल्या आहेत. परंतु साधारणपणे निदान वर्षभर थांबावे लागते. मायकोफेनोलेट नावाचे जे औषध पुष्कळांना दिले जाते ते गर्भाला घातक आहे. ते बदलून अझाथायोप्रिन देता येते, आणि बदलानंतरही काही आठवडे थांबावे लागते. सायटोमेगॅलो विषाणू गरोदरपणी जागा झाला तर बाळाच्या श्रवणशक्तीलाही बाधा पोहोचू शकते. तोवर डॉक्टर खात्रीच्या संततिनियमनाचा आग्रह धरतात. कृत्रिम साधनांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपण जाणतो. हा पेच खरा आहे आणि तो सोडविण्याचा अधिकार माझा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, सर्वांत वाईट मार्ग न बोलण्याचा आहे. पत्नीने संकोचून डॉक्टरांना काही विचारू नये, पतीने तो बायकांचा विषय मानावा, दोघांनी धर्मगुरूंपाशी जाण्याचे टाळावे, आणि मग त्या घातक औषधावर असताना तिला दिवस जावेत, याहून दुःखाची गोष्ट कोणती? दोघांनी मिळून आधी डॉक्टरांशी आणि मग आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. जोडप्याने जो निर्णय घ्यायचा, तो तिच्या एकटीच्या शिरावर पडू नये.

आता प्रश्न उरतो तो आपला, म्हणजे वर्गणी देणाऱ्यांचा. आपण एकदा दिले. आणखी किती दिवस द्यायचे? इतर गरजू नाहीत काय? हा प्रश्न निर्दयतेचा नाही. धर्मग्रामाची पेटी लहान असते आणि दाराशी उभे राहणारे अनेक असतात. शस्त्रक्रियेच्या खर्चाला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारखी शासकीय योजना हातभार लावते. परंतु मूत्रपिंड चालू असेतो घ्यायच्या गोळ्या, वारंवार करायच्या तपासण्या, रुग्णालयाच्या खेपा यांचा भार घरावरच येतो.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की, तिचा शेवट आपल्या ध्यानात राहत नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणे, त्याला आपल्या जनावरावर बसविणे, एवढे आपल्याला आठवते. परंतु शोमरोनी त्याला उतारशाळेत घेऊन गेला, रात्रभर तिथे राहिला, सकाळी दोन नाणी काढून उतारशाळेच्या मालकाला दिली, आणि आणखी खर्च झाला तर परत येताना फेडीन, असे सांगून गेला. त्याच्या दानात परत येण्याचा शब्द होता. आमच्या समितीने दोन नाणी दिली. परत येण्याचा शब्द आम्ही दिला नाही. आणि परत आलो तेव्हा चौकशी करण्याऐवजी, ती सणाच्या जेवणाला का आली नाही, याचा जाब मागितला.

परत येण्याला दरवेळी पैसे लागत नाहीत. घरात कुणाला ताप, कांजिण्या, गोवर असेल तर तिला आपण होऊन आधी कळवावे. तिने सणाचे जेवण नाकारले तर मन दुखवून घेऊ नये. आपल्या कूलरची टाकी रिकामी करून कोरडी करावी. त्यातले डास शेजारच्या घरात जायला परवानगी मागत नाहीत. वर्गणी जमेल तेव्हाच त्यातला एक भाग पुढील तपासण्यांसाठी बाजूला ठेवावा. आणि एखाद्या समजूतदार स्त्रीने वर्षातून एकदा तिला एकांतात विचारावे, "तपासणी झाली का गं? नसेल तर मी येते सोबत." हे विचारणे दबल्या आवाजात झाले तरी चालेल, पण विचारणारी व्यक्ती विश्वासू हवी, आणि मिळालेले उत्तर तिच्यापाशीच राहायला हवे.

त्या स्त्रीची क्षमा मी मागितली. तिच्या घरी गेलो तेव्हा काय बोलावे ते सुचेना. मी एवढेच म्हणालो की, त्या बैठकीत माझ्या तोंडून जे गेले ते चुकीचे होते. तिने चहा ठेवला. तिची आई आतून बाहेर आली. आता ती थकली आहे. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "भाऊ, मी तर एकदाच दिलं. ही रोज सांभाळते."

दान एका दिवसाचे असते. राखण रोजची असते, हे त्या माउलीने मला एका वाक्यात सांगितले. ती राखण एकट्या लेकीवर टाकून आम्ही उपकारस्तुतीची मिस्सा संपविली होती. यंदा सप्टेंबरात तिच्या तपासणीची तारीख आहे. माझ्या पत्नीने ती आमच्या घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे.